हजेरीला फड कळतो

तमाशाचा नाद असलेल्या माणसाला लोक एक प्रश्न हमखास विचारतात. "एवढे तमाशे पाहिलेत, त्यात सगळ्यात चांगला कुणाचा?" याचं उत्तर द्यायला काही डोकं लागत नाही. विठाबाई नारायणगावकर म्हणावं, काळू-बाळू कवलापूरकर म्हणावं, दत्ता महाडिक पुणेकर म्हणावं; समोरचा मान डोलावतो आणि चहा येतो. पण मला स्वतःला छळणारा प्रश्न वेगळा आहे. जो फड आपण कधी पाहिलेला नाही, ज्याच्या मालकाचं नाव कुणी ऐकलेलं नाही, तो चांगला आहे हे ओळखायचं कसं? नावाजलेल्या फडाला दाद देणं सोपं असतं. बिननावाच्या फडापुढे मात्र आपल्या कानाची परीक्षा असते, आणि यात्रा कमिटीत असाल तर गावाच्या वर्गणीचीही.

मी मुळशीतल्या मालेचा. पुण्याहून पौडमार्गे ताम्हिणीकडे निघालं की मुळशी धरणाजवळ आमचं गाव लागतं. पावसाळ्यात भात आणि पाऊस, दुसरं काही नाही. चैत्रात मात्र खाचरं रिकामी असतात, जमीन पायाखाली टणक झालेली असते आणि मुंबईला गेलेली माणसं परत येतात. मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतली माणसं मुंबईत डबे पोहोचवतात आणि चैत्रातल्या यात्रांसाठी तिथली डब्यांची सेवा काही दिवस बंद राहते, हे पुष्कळांना माहीत असेल. त्या दिवसांत आमच्याकडच्या गावोगावचा क्रम ठरलेला. रात्री पालखीचा छबिना, मग तमाशा, दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी आणि दुपारी कुस्त्यांचा आखाडा. हजेरी म्हणजे रात्री खेळ केलेल्या फडानं सकाळी गावापुढे पुन्हा उभं राहून तास-दोन तास गाणं-वाजवणं करायचं. शहरातल्या लोकांना हा शब्द शाळेचाच वाटतो. तमाशाच्या पोरांनाही तो तसाच वाटत असावा, कारण रात्रभर जागून सकाळी ती हजेरी त्यांना चुकत नाही.

हा फड गावात येतो कसा, ते आधी सांगतो. जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावाला तमाशाची पंढरी म्हणतात. पाडव्याच्या सुमाराला तिथे फडांच्या राहुट्या लागतात. राहुटीपुढे फडाचा बोर्ड आणि आत टेबलाशी मॅनेजर, त्याच्यापुढे तारखांची वही. गावोगावच्या कमिट्या जीप भरून येतात, एका राहुटीतून दुसऱ्या राहुटीत फिरतात, चहा पितात, भाव करतात आणि इसार देऊन सुपारी पक्की करतात. भाव फडाच्या नावावर असतो तसा तिथीवरही असतो. चैत्री पौर्णिमा आणि वद्य अष्टमी या दिवशी इतक्या गावांच्या यात्रा असतात की त्या तारखेला साध्या फडाचाही भाव चढतो. आडवारी यात्रा असलेलं गाव नशीबवान.

या व्यवहारात फडमालकाचं सगळं वर्ष अडकलेलं असतं. दसऱ्याला हंगाम सुरू होतो तेव्हा कलावंतांना उचल द्यावी लागते आणि ती बहुधा व्याजानं काढलेली असते. मोठ्या फडात शंभरावर माणसं. नाचणाऱ्या, वाजवणारे, सोंगाडे, स्वयंपाकी, ड्रायव्हर, तंबूचे गडी. दसऱ्यापासून तंबू ठोकून तिकिटावर खेळ करायचे, पण त्या गल्ल्याचा भरवसा नाही. कर्ज फिटायचं ते चैत्र-वैशाखातल्या सुपाऱ्यांवर. म्हणून वर्षभर तंबू घेऊन हिंडणारे पूर्णवेळ फड आज थोडे उरले आहेत आणि यात्रेपुरते उभे राहणारे हंगामी फड जास्त आहेत. नवा फड बहुतेक वेळा या हंगामी फडांतच सापडतो. एखादा ढोलकीवाला किंवा सरदार मोठ्या फडातून बाजूला होतो, घरची चार आणि दारची दहा माणसं गोळा करतो आणि स्वतःच्या नावाचा बोर्ड रंगवतो.

बोर्ड वाचणं ही एक विद्याच आहे. नावापुढे गावाचं नाव लागतं, नारायणगावकर, सातारकर, ढवळपुरीकर. त्यावरून घराणं कळतं. 'सह' हा शब्द आला की नातं कळतं. 'रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर' या एका ओळीत मुलगा आहे, आई आहे आणि न लिहिलेले तुकाराम खेडकरही आहेत. त्यांच्या पश्चात कांताबाईंनी हिमतीनं स्वतःचा फड उभा केला. वगात शिवाजी महाराजांची भूमिका करणारी ही बाई २०२१ साली गेली. नवा फड या बोर्डात आपलं एक टोक कुठल्या तरी मोठ्या नावाला बांधून घेतो. अमक्याचा पट्टशिष्य, तमकीची नात. खोटं असतं असं नाही. पण बोर्डावरची नात आणि स्टेजवरची नात यांत फरक असू शकतो, हे मी पैसे देऊन शिकलो आहे. एका वर्षी आमच्या कमिटीनं मोठं नाव पाहून सुपारी दिली, तर ज्यांच्या नावाचा बोर्ड होता त्या बाई आल्याच नाहीत. माईकवरून "बाईंची तब्येत बरी नाही" असं सांगितलं. पुढच्या आठवड्यात कळलं, त्याच रात्री त्या दुसऱ्या गावी नाचत होत्या. कुणाचं नाव घेत नाही. गाव मात्र दोन वर्षं कमिटीचं नाव घेत होतं.

तर कानानं ओळखायचं. तमाशा सुरू होतो तो वाद्यांच्या सलामीनं. ढोलकी आणि हलगी एकमेकींना डिवचतात, मागे तुणतुणं आणि झांज. मग गण, म्हणजे गणपतीचं आवाहन. मग गवळण, मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, त्यांची मावशी आणि वाट अडवणारे कृष्ण-पेंद्या. मग सरदार आणि सोंगाड्याची बतावणी, रंगबाजी, लावण्या आणि शेवटी वग, म्हणजे नाटक. 'मोहना-बटाव' हा पहिला वग १८६५चा सांगतात, आणि पठ्ठे बापूरावांसारख्या शाहिरानं ब्राह्मणाचं घर सोडून याच कलेत जन्म काढला. बाकी ही कला महार, मांग, कोल्हाटी या समाजांनी जगवली आणि गावानं रात्री टाळ्या वाजवून सकाळी त्यांना वेशीबाहेर बसवलं, हेही त्याच इतिहासात आहे. विठाबाईंना राष्ट्रपतींच्या हातून सन्मान मिळाला आणि २००२ साली त्या गेल्या तेव्हा घरात दारिद्र्य होतं. सरकारनं नंतर त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू केला.

या सगळ्यात अनोळखी फडाचा कस कुठे लागतो? लोक नाचणारीकडे बघतात. मी झीलकऱ्यांकडे बघतो. मुख्य गाणारा ओळ टाकतो आणि मागचे दोघं-तिघं ती उचलून 'जी जी' करत वर नेतात, ती झील. गाणारा भाड्यानं आणता येतो, झील आणता येत नाही. ती एकत्र राहून, एकत्र जेवून, एका ट्रकमध्ये झोपूनच जमते. झील घट्ट असेल तर समजावं, या फडात भांडणं कमी आहेत. दुसरं, बतावणी. सोंगाड्यानं गावात शिरल्याबरोबर कुणाला काय विचारलं ते रात्री कळतं. सरपंचाचं नाव, यंदाच्या पाण्याची टाकी, कुणाची म्हैस कुणाच्या रानात गेली, हे तो बतावणीत पेरतो आणि मांडव हसून आडवा होतो. आळशी फड सगळ्या गावांत एकच बतावणी करतो. एकदा एका सोंगाड्यानं आमच्या गावाला "हे समद्या उसाचं गाव" म्हटलं. भाताच्या खाचरात बसून आम्ही ते ऐकलं. त्या फडाला पुन्हा सुपारी नाही.

मला हे कान दिले माझ्या आईनं, आणि गंमत अशी की तिनं तमाशा कधी पाहिलाच नव्हता. त्या काळी आमच्याकडच्या बाया रात्री तमाशाला जात नसत. पुरुष मांडवात आणि बाया घरात. पण चैत्रातल्या रात्री वारा पडलेला असला की आवाज खाचरांवरून सरळ आमच्या पडवीत येई. आई तांदूळ निवडत, नाही तर नुसतीच अंथरुणावर पडून ऐकत असे. मी पहाटे घरी आलो की ती विचारायची नाही, सांगायची. "औंदाची झील पातळ हाय रं." नाही तर, "ढोलकीवाला चांगला हाय, पर त्यो घाई करतोय. त्याला घरला जायाचंय." एका वर्षी म्हणाली, "गवळणीतली मावशी आनि वगातला परधान एकच मानूस हाय." मी मांडवात पुढच्या रांगेत बसलो होतो आणि मला ते कळलं नव्हतं. सकाळी मॅनेजरला विचारलं, तर खरंच एक होता.

आता त्या एका वर्षाकडे येतो. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले आणि २००५च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयानं रात्री दहा ते सकाळी सहा कर्णे बंद म्हणजे बंद, असं बजावलं. वर्षातल्या मोजक्या दिवशी बारापर्यंतची सवलत राज्याला देता येते, पण ती गावागावाच्या यात्रेच्या तारखेला जुळतेच असं नाही. नियमामागचं कारण मला मान्य आहे; आजारी माणसाच्या खिडकीशी कर्णे लावणारी मंडळंही मी पाहिली आहेत. पण तमाशाचा हिशेब यानं मोडला. जो खेळ नऊ-दहाला सुरू होऊन उजाडेपर्यंत चालायचा, तो दहाला संपवायचा कसा? फडांनी सोपी वाट काढली. गण पाच मिनिटांत, गवळण उरकती, सिनेमाची गाणी भरपूर आणि वग नावापुरता. कात्री वगाला लागली, आणि फडाची खरी कमाई तर वगातच असते.

२००६च्या चैत्रात आमच्या कमिटीकडे पैसे कमी होते. नारायणगावात मोठ्या राहुट्यांतून फिरून आम्ही पार शेवटच्या टोकाला एका लहान राहुटीत शिरलो. बोर्डाचा रंग ओला होता; आमच्यातल्या एकाच्या सदऱ्याला लागला. मॅनेजर नव्हता, मालक स्वतःच बसला होता. आमचे तात्या कमिटीत वडीलधारे. त्यांनी विचारलं, "कुठं कुठं खेळ झाले?" तो म्हणाला, "मालक, खोटं कशाला बोलू? तुमची पयली सुपारी." तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं, "झील कोण धरतं?" तो म्हणाला, "माझा भाऊ, माझा मेव्हणा आनि मी." तेवढ्यावर आम्ही इसार दिला. खरं सांगायचं तर दुसऱ्या कुणाला द्यायला पुरेसे पैसेही नव्हते.

यात्रेच्या रात्री छबिना लांबला. तमाशाला उभं राहायला साडेआठ झाले. गण झाला, गवळण झाली, झील कानाला बरी वाटली. पण मांडव मुंबईहून आलेल्या पोरांचा होता, त्यांना गाणी हवी होती. गाण्यांत वेळ गेला. वग सुरू झाला तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. सावकारानं जमीन गिळलेल्या दोन भावांचा वग. धाकटा भाऊ कचेरीत उभा आहे आणि थोरल्याविरुद्ध साक्ष देणार, एवढ्यात दहा वाजले आणि पोलीस पाटलांनी हात वर केला. कर्णे बंद. लोक उठले, थोडी आरडाओरड झाली, मालकानं स्टेजवरून हात जोडले. मला वाटलं, गेली वर्गणी.

सकाळी नऊला हजेरी. हजेरीला स्टेज नसतं, लाईट नसतात, तोंडाला रंग नसतो. पेट्या ट्रकमध्ये चढलेल्या, माणसं डोळे चोळत आलेली. दोन गाणी झाली. तेवढ्यात मागून एक म्हातारा ओरडला, "अरं, धाकल्यानं साक्ष दिली का न्हाय?" सगळे हसले. मालकानं भावाकडे पाहिलं आणि उरलेला वग त्यांनी तिथेच सुरू केला. न्यायाधीश झालेल्या माणसाच्या अंगात बंडी आणि डोक्याला टॉवेल. सावकार चहाचा कप हातात घेऊन बोलत होता. आईचं काम करणारी बाई पन्नाशीची असेल. रात्री पावडर आणि लाईटमध्ये ती मला बेताचीच वाटली होती. उन्हात, केस नुसते मागे बांधून, ती दोन पोरांच्या मधे उभी राहिली आणि काही न बोलता आधी एकाकडे, मग दुसऱ्याकडे बघत राहिली. माईक नव्हता. लोक आपोआप पुढे सरकत गेले, कारण ऐकू यायला हवं होतं. झील लागली तेव्हा ती कर्ण्यातून आली नाही, सरळ माणसाच्या छातीतून आली. ती रात्री होती त्याच्या दुप्पट चांगली होती.

आणि दिवसाउजेडी असल्यामुळे बायाही थांबल्या होत्या. देवाला नैवेद्य घेऊन निघालेल्या, ताट पदराखाली झाकून उभ्या. त्यात माझी आई होती. सत्तरीच्या घरात होती तेव्हा. आयुष्यभर कानानं ऐकलेला तमाशा तिनं त्या दिवशी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला. वग संपेपर्यंत ती जागची हलली नाही. घरी जाताना मी विचारलं, "कसा काय वाटला?" ती म्हणाली, "ढोलकीवाला एवढा बारका असंल असं वाटलं नव्हतं."

शेजारच्या दोन गावांची माणसं कुस्त्यांसाठी लवकर आली होती. त्यांनी आखाड्यात नारळ फुटायच्या आत मालकाला गाठून पुढच्या वर्षाची तारीख विचारली. त्या फडाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. पुढे भाऊ आणि मेव्हणा वेगळे झाले, दोघंही तेच नाव लावायला लागले. एकाचा बोर्ड वाचून दाखवला तर दुसरा माझ्याशी बोलणार नाही. झील दोन ठिकाणी वाटली गेली आणि दोन्हीकडे पातळ झाली, एवढं सांगतो.

तेव्हापासून नवा फड मी रात्री जोखत नाही. रात्री लाईट असतात, कर्णे असतात, नावाचा दबदबा असतो, शिवाय आपणही गर्दीच्या नादानं टाळ्या वाजवतो. सकाळी यातलं काही उरत नाही. माझा पुतण्या पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, त्याला इंग्रजी-हिंदी बँडचा नाद. २०१०मध्ये पुण्यात एनएच-सेव्हन वीकेंडर नावाचा बँडचा मेळा सुरू झाला, त्याला तो जात असे. तीन-चार स्टेजं आणि दुपारपासून रात्रीपर्यंत वाजवणं. मी म्हटलं, मोठी माणसं तर रात्री येतात, तू दुपारी उन्हात कशाला जाऊन बसतोस? तो म्हणाला, "काका, ज्यांना कुणी ओळखत नाही त्यांना दुपारी उभं करतात. समोर पन्नास माणसं असतात. त्या पन्नासांसाठी जो नीट वाजवतो, त्याला मी नंतर शोधून ऐकतो." मी त्याला हजेरीची गोष्ट सांगितली. त्याला ती मुळीच नवी वाटली नाही. सवाई गंधर्व महोत्सवाला जाणारे माझे एक स्नेही आहेत, तेही सत्राची सुरुवात चुकवत नाहीत, कारण नवा गायक तिथेच ऐकायला मिळतो. मैफिलीला उशिरा येण्यात मोठेपणा मानणाऱ्यांचं त्यांना नवल वाटतं.

२०२० साली पाडवा २५ मार्चला होता. त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. नारायणगावच्या राहुट्या, इसार, तारखांच्या वह्या सगळं तिथल्या तिथे थांबलं. दसऱ्यापासून वाटलेली उचल फिटायचे ते दिवस होते. पुढच्या वर्षी पाडवा १३ एप्रिलला आणि दुसऱ्या दिवसापासून राज्यात पुन्हा निर्बंध. लागोपाठ दोन चैत्र कोरडे गेले. ढोलकीवाले मजुरीला गेले, नाचणाऱ्या पोरी शेतात खुरपायला गेल्या. काही फडांचे ट्रक विकले गेले ते पुन्हा आले नाहीत. २०२२च्या पाडव्याला निर्बंध उठले तेव्हा आमची कमिटी पुन्हा जीप काढून निघाली. तात्या नव्हते. आईही नव्हती. पुणे ओलांडून नाशिक रस्त्यानं आम्ही नारायणगावात पोहोचलो. मोठ्या बोर्डांपुढे गर्दी होती, मी सवयीनं टोकाच्या राहुट्यांकडे वळलो.

एका राहुटीत विशीतला पोरगा टेबलाशी बसला होता. वहीची पहिली काही पानं कोरी दिसली. मी भावाचं विचारायच्या आधी विचारलं, "हजेरी किती वेळ करता?" तो जरा गोंधळला. कमिट्या गाण्यांचं विचारतात, पोरी किती ते विचारतात, लाईटचं विचारतात. मग म्हणाला, "मालक, दहाला गाडी निघती आमची फुडच्या गावाला. तवर तुमी बसाल तवर."

आम्ही इसार दिला.